हस्तांतरणाच्या पत्रावर सही करण्याआधी : नव्या सोसायटीसाठी इमारतीच्या कमिशनिंगचे मार्गदर्शन

भोगवटा प्रमाणपत्र मिळाले म्हणजे इमारत तपासली गेली, असा समज नव्या गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये सर्रास आढळतो. प्रत्यक्षात या प्रमाणपत्राने इतकेच सांगितलेले असते की, बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे झाले असून आवश्यक ते ना-हरकत दाखले फाइलला लागले आहेत. मध्यरात्री वीज गेल्यावर आगीचा डिझेल पंप आपणहून सुरू होईल का, सर्वांत वरच्या मजल्यावरच्या नळाला सकाळी सात वाजता पाणी येईल का, पश्चिमेच्या भिंतीतून आषाढात ओल झिरपेल का, हे त्यावरून कळत नाही. ते कळण्यासाठी प्रत्येक यंत्रणा लिखित अपेक्षेशी ताडून, भार देऊन, मुद्दाम बिघाड घडवून चालवून पाहावी लागते आणि मिळालेले आकडे नोंदवावे लागतात. या शिस्तबद्ध प्रक्रियेला कमिशनिंग म्हणतात.

ही पद्धत वातानुकूलन क्षेत्रातून पुढे आली. ‘ॲश्रे’ या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेने २००५ साली तिची सर्वसाधारण मार्गदर्शिका काढली आणि हरित इमारतींच्या ‘लीड’ मानांकनासाठी प्राथमिक कमिशनिंग ही पूर्वअट असते. रुग्णालय किंवा कार्यालयाची इमारत बांधताना मालक आराखड्याच्या टप्प्यावरच स्वतंत्र कमिशनिंग तज्ज्ञ नेमू शकतो. निवासी संकुलात अडचण अशी की, खरे मालक बांधकाम संपल्यावर एकत्र येतात. तोवर मालकही विकासक आणि परीक्षकही विकासकच. त्यामुळे सोसायटीला हे काम उशिरा आणि उलट्या क्रमाने करावे लागते. पुण्यालगतच्या एका बहुमजली संकुलाच्या पहिल्या समितीत काम करताना ते कसे पार पडते हे मी जवळून पाहिले आहे. पुढील क्रम त्या अनुभवावर आधारलेला असून तो महाराष्ट्रातील इमारतींना लागू पडेल असा मांडला आहे.

१. आधी मुदती समजून घ्या

रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायदा, २०१६ च्या कलम १४(३) नुसार, ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधणीतील, कारागिरीतील, दर्जातील किंवा सेवांमधील दोष विकासकाच्या निदर्शनास आणून दिला, तर तो ३० दिवसांच्या आत विनाशुल्क दुरुस्त करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. कलम १७ मध्ये सामाईक जागा, नकाशे आणि कागदपत्रे सदनिकाधारकांच्या संघटनेकडे सोपवण्याची जबाबदारीही त्याच्यावरच टाकलेली आहे.

सापळा असा की, पंप, लिफ्ट, जनरेटर यांच्या उत्पादकांच्या वॉरंटी या ५ वर्षांपेक्षा बऱ्याच कमी असतात आणि अनेकदा यंत्र बसवल्याच्या तारखेपासूनच मोजल्या जातात. सोसायटी नोंदली जाईपर्यंत त्यांतल्या काही संपलेल्याही असू शकतात. म्हणून पहिल्याच बैठकीत प्रत्येक यंत्राचे नाव, बसवल्याची तारीख आणि वॉरंटी संपण्याची तारीख असा तक्ता करा.

२. कागदपत्रे मागा, आणि ती लेखी मागा

पुढील कागद मिळाल्याशिवाय चाचण्यांना सुरुवात करू नये, कारण कशाशी ताडायचे हेच ठाऊक नसेल तर चाचणीला अर्थ उरत नाही.

- मंजूर नकाशे, प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र
- प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणे काढलेले, म्हणजे ‘ॲज-बिल्ट’ नकाशे : संरचना, नळजोडणी, ड्रेनेज, वीज आणि अग्निशमन असे वेगवेगळे
- अग्निशमन विभागाचा अंतिम ना-हरकत दाखला आणि परवानाधारक संस्थेचा ‘नमुना अ’ (अग्निशमन यंत्रणा नियमानुसार बसवल्याचे प्रमाणपत्र)
- प्रत्येक लिफ्टचा परवाना आणि निरीक्षकाचा अहवाल
- विद्युत निरीक्षकाची मंजुरी, ट्रान्सफॉर्मर आणि पॅनेलचे चाचणी अहवाल
- प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापनेची आणि चालवण्याची संमतिपत्रे
- पंपांचे कार्यवक्र (किती प्रवाहाला किती दाब मिळतो, याचे आलेख), यंत्रांच्या माहितीपुस्तिका, वॉरंटी कार्डे आणि खरेदी-देयकांच्या प्रती
- काँक्रीट ठोकळ्यांचे, पाइपांच्या दाबचाचणीचे आणि जलरोधनाचे अहवाल, तसेच जलरोधन करणाऱ्याचे हमीपत्र

यांतील ॲज-बिल्ट नकाशांवर सर्वाधिक टाळाटाळ होते. मंजुरीच्या नकाशावर नुसता ‘ॲज-बिल्ट’ शिक्का मारून दिलेली प्रत स्वीकारू नका. पारख सोपी आहे: नकाशात दाखवलेले तीन-चार व्हॉल्व्ह आणि चेंबर जागेवर जाऊन शोधा. ते दाखवल्या जागी नसतील तर सगळा संच परत पाठवावा.

३. स्वतंत्र सल्लागार नेमा

सर्वसाधारण सभेत खर्चाला मंजुरी घेऊन यांत्रिकी-विद्युत सेवांचा जाणकार आणि बांधकामाचा जाणकार असे दोघे, किंवा दोन्ही हाताळणारी एखादी संस्था नेमावी. विकासकाकडे सध्या देखभालीचे कंत्राट असलेली संस्था यासाठी चालणार नाही. स्वतःच्याच कामाचे गुण स्वतः द्यायला सांगण्यासारखे ते होईल. नेमणूकपत्रात ‘तपासणी अहवाल’ एवढेच लिहू नका. सल्लागार चाचण्यांची लेखी कार्यपद्धती तयार करील, चाचणीच्या वेळी स्वतः हजर राहील, आकडे नोंदवील आणि दुरुस्तीनंतर फेरचाचणी करील, ही चारही कामे स्वतंत्रपणे नमूद करा. फेरचाचणीचा उल्लेख राहून गेला तर तिच्यासाठी वेगळे शुल्क मागितले जाते, आणि मग सभासदांचा उत्साह तिथेच ओसरतो.

४. अपेक्षांचा तक्ता लिहून काढा

विक्री-कराराची परिशिष्टे, मंजूर अग्निशमन आराखडा, संमतिपत्रांतील अटी आणि भारतीय मानके यांतून प्रत्येक यंत्रणेने काय करून दाखवायचे, ते मोजता येईल अशा शब्दांत लिहा. ‘पाणीपुरवठा पुरेसा असावा’ या वाक्याची चाचणी घेता येत नाही. त्याऐवजी असा हिशेब करा: नेहमीचा निकष माणशी दिवसाला १३५ लिटरचा, घरटी ५ माणसे धरली तर एका सदनिकेला ६७५ लिटर, आणि १२० सदनिकांच्या इमारतीला दिवसाला ८१,००० लिटर लागतील. आता मीटरपट्टी घेऊन टाक्यांची आतली लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली मोजा. घनमीटरला हजाराने गुणले की लिटर मिळतात. खोली मोजताना टाकीची पूर्ण उंची धरू नये. ओव्हरफ्लोच्या पाइपापासून पंपाच्या शोषण-पातळीपर्यंतचेच पाणी उपयोगाचे असते, आणि त्यातून आगीसाठीचा राखीव साठा वगळावा लागतो. माहितीपत्रकातला आकडा आणि हा आकडा यांत तफावत निघाली तर नवल वाटायला नको.

५. बटण दाबण्याआधीची पाहणी

यंत्र चालू करण्यापूर्वी ते पूर्ण बसवलेले आहे का, हे पाहावे. पॅनेलवर कोणता स्विच कशाचा याच्या पट्ट्या आहेत का, व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचतो का, पंपाभोवती दुरुस्तीला जागा आहे का, शाफ्टमधून, म्हणजे मजल्यांना जोडणाऱ्या उभ्या पोकळीतून, जाणाऱ्या केबल आणि पाइपांभोवतीची भोके अग्निरोधक द्रव्याने बुजवली आहेत का, हे सर्व मजल्यांवर तपासावे. एका ‘नमुना’ मजल्यावर समाधान मानू नये. शाफ्टची भोके ही माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित बाब आहे. दाराआड असल्यामुळे ती दिसत नाहीत, आणि आग लागल्यास धूर मात्र तिथूनच मजल्यामागून मजला वर चढतो.

६. एकेक यंत्रणा चालवून पाहा

*अग्निशमन.* पंपरूममध्ये सहसा तीन पंप असतात: दाब टिकवणारा लहान जॉकी पंप, मुख्य विद्युत पंप आणि वीज नसताना चालणारा डिझेल पंप. चाचणीचा व्हॉल्व्ह थोडा उघडून दाब हळूहळू उतरू द्या. आधी जॉकी, दाब आणखी घसरल्यावर मुख्य, आणि मुख्य पंपाची वीज बंद ठेवल्यास डिझेल, असे तिघे कोणीही बटण न दाबता सुरू झाले पाहिजेत. प्रत्येक पंप किती दाबाला सुरू झाला, हा आकडा दाबमापकावर वाचून नोंदवा. आमच्या तळघरातल्या पंपरूममध्ये शिरल्यावर प्रथम दिसले ते हे की, तिन्ही पंपांचे निवडस्विच ‘मॅन्युअल’वर वळवलेले होते आणि डिझेल इंजिनाच्या बॅटरीचा चार्जर प्लगमधून काढून वर ठेवलेला होता. पंप नवे, रंग ताजा, फाइलमध्ये प्रमाणपत्रही होते. रात्री आग लागली असती तर यांपैकी एकही पंप आपणहून फिरला नसता.

त्यानंतर गच्चीवरील सर्वांत लांबच्या हायड्रंटला (आग विझवण्याच्या पाण्याच्या नळाला) होज जोडून पाणी वाहत असतानाचा दाब मोजा. उंच निवासी इमारतींच्या आराखड्यात तो सहसा ३.५ बार मागितलेला असतो. पाणी बंद असतानाचा दाब दाखवून वेळ मारून नेली जाते, ती मान्य करू नका. पंपाची क्षमताही तपासून घ्यावी: भारतीय मानकाप्रमाणे निर्धारित प्रवाहाच्या दीडपट प्रवाहाला त्याने निर्धारित दाबाच्या किमान ६५ टक्के दाब द्यायला हवा. स्प्रिंकलरच्या नळीचा चाचणी-व्हॉल्व्ह उघडला की सुरक्षा कक्षातल्या पॅनेलवर त्याच मजल्याचे नाव झळकले पाहिजे. नववा मजला उघडला आणि पॅनेलवर सहावा दिसला, असे वायरिंगच्या गोंधळामुळे घडते.

जिन्यात हवेचा दाब ठेवणारे पंखे असतील तर राष्ट्रीय बांधकाम संहितेतील ५० पास्कलचा आकडा मिळतो का, ते मॅनोमीटरने पाहा. आणि त्याच वेळी एखाद्या ज्येष्ठ सभासदाला जिन्याचे दार ढकलून उघडायला सांगा. दाब जास्त झाला तर दार उघडत नाही.

*पाणी.* दाबाच्या प्रत्येक विभागातील सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या सदनिकेत नळाला दाबमापक लावा, आणि एकाच वेळी दहा-बारा घरांतले शॉवर चालू ठेवून वाचन घ्या. खालच्या मजल्यांवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नीट लावलेला नसेल तर फ्लशच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह आणि जोडनळ्या वारंवार फुटतात. रहिवासी मात्र वर्षानुवर्षे प्लंबरला दोष देत राहतात. ड्रेनेजसाठी वरच्या मजल्यावरून भरपूर पाणी एकदम सोडून खालच्या मजल्यांवर ट्रॅपमधून बुडबुडे किंवा दुर्गंधी येते का, तेही पाहावे.

*वीज.* काही सदनिका आणि सर्व सामाईक सर्किटे निवडून ५०० व्होल्टच्या मेगरने (रोध मोजणाऱ्या यंत्राने) तारांच्या इन्सुलेशनचा रोध मोजा. १ मेगाओमपेक्षा कमी वाचन आले तर ते सर्किट नापास. त्याआधी संवेदनशील इलेक्ट्रॉनिक उपकरणे सर्किटमधून सोडवायला विसरू नये. ३० मिलिॲम्पिअरचे आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे स्विच, नुसत्या टेस्ट-बटणावर न सोडता टेस्टरने तपासावेत. निर्धारित गळतीला ते ३०० मिलिसेकंदांच्या आत पडले पाहिजेत. अर्थिंगचा रोध एप्रिल-मेमध्ये मोजावा. पावसाळ्यात जमीन ओली असल्यामुळे वाचन आपोआप चांगले येते, आणि तेच पाहून समाधान झाले तर पुढच्या उन्हाळ्यात फसगत होते.

*लिफ्ट.* भारतीय मानकांत माणशी ६८ किलो धरतात, म्हणजे ८ जणांच्या लिफ्टची क्षमता ५४४ किलो. लिफ्ट कंपनीच्या तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली सिमेंटची पोती ठेवून पाहावे: ५० किलोची १० पोती ठेवल्यावर लिफ्ट चालायला हवी, आणि क्षमतेपेक्षा भार वाढताच तिने दार उघडे ठेवून इशारा द्यायला हवा. ब्रेकची सव्वापट भाराची चाचणी कंपनीनेच करावी. समितीने आकड्यांसह अहवाल घ्यावा. अग्निशामक लिफ्टचा स्विच फिरवल्यावर ती इतर हाका सोडून तळमजल्यावर येते का, हेही पाहावे.

*सांडपाणी प्रकल्प.* हा एका दिवसात तपासता येत नाही. त्यातले जिवाणू सांडपाण्यावरच जगतात, आणि इमारत एक-चतुर्थांश भरलेली असताना प्रकल्प उपाशी राहतो. म्हणून वस्ती वाढल्यावर, सलग काही आठवडे नमुने घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासावेत आणि ते संमतिपत्रातील मर्यादांशी ताडावेत. तोपर्यंत या प्रकल्पाचे हस्तांतरण राखून ठेवावे.

७. मुख्य वीज घालवून पाहा

एकेकटी उत्तीर्ण झालेली यंत्रे एकत्र आली की नापास होऊ शकतात; एकत्रित चाचणी नेमके तेच उघड करते. रहिवाशांना आधी सूचना द्या, लिफ्टमध्ये प्रशिक्षित माणूस बसवा, वैद्यकीय उपकरणे चालू असलेल्या घरांची यादी करा, प्रत्येक ठिकाणी घड्याळ आणि वहीसह एक सभासद उभा करा आणि मग मुख्य ब्रेकर पाडा.

पाहायच्या गोष्टी अशा: जिन्यातले आपत्कालीन दिवे लगेच लागले का, दोन मजल्यांमध्ये अडकलेली लिफ्ट बॅटरीवर जवळच्या मजल्याला येऊन उघडली का, जनरेटर किती सेकंदांत सुरू झाला आणि त्याने भार उचलला का, बूस्टर पंप आपोआप पुन्हा चालू झाले का. याच अवस्थेत, जनरेटरवर इमारत चालू असताना, एका मजल्यावर धूर-संवेदक चेतवा. भोंगा वाजणे, लिफ्ट तळमजल्यावर येणे, जिन्याचे पंखे सुरू होणे आणि इलेक्ट्रॉनिक कुलपे उघडणे या सर्व गोष्टी आराखड्यातील क्रमाने घडल्या पाहिजेत. अग्निपंपही याच वेळी चालवा. लिफ्ट आणि पंप एकदम सुरू झाल्यावर जनरेटर कोलमडत असेल तर तो कमी क्षमतेचा आहे किंवा भारांचा क्रम चुकीचा लावला आहे. तो रिकामा फिरवून ‘चालू आहे’ असे दाखवण्याने काहीच सिद्ध होत नाही.

शेवटी वीज पूर्ववत करा आणि सगळे मूळ स्थितीत आले का, ते पाहा. परतीच्या या टप्प्यावर अनेकदा एखादा पंप बंदच राहतो.

८. पावसाची परीक्षा

डिसेंबरमध्ये घेतलेल्या ताब्यात गळती दिसत नाही. म्हणून जलरोधनाची परीक्षा दोन टप्प्यांत घ्यावी.

पहिला टप्पा पाणी भरून. स्नानगृहात २४ तास आणि गच्चीवर ७२ तास पाणी साठवून खालच्या छताची पाहणी करावी. गच्चीवर ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो भार होतो, त्यामुळे खोली आधी संरचना सल्लागाराला विचारून ठरवावी. पाण्याच्या पातळीची पेन्सिलने खूण करा, आणि बाष्पीभवनाचा अंदाज यावा म्हणून शेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवा. ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर) असलेल्या गच्चीत पाणी थरात मुरून बऱ्याच उशिराने, आणि भलत्याच ठिकाणी बाहेर येते. त्यामुळे पाणी काढल्यावर आठवड्याने पुन्हा एकदा छत पाहून या.

दुसरा टप्पा पहिल्या पावसाळ्यात. नैऋत्येकडून येणारा पाऊस वाऱ्यासह आडवा मारतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या खिडक्या, त्यांच्या चौकटीचे सांधे आणि एसीच्या पाइपांची भोके आधी तपासा. ॲल्युमिनियमचे साचे लावून, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘मायव्हान’ने, ओतलेल्या भिंतींत साचे आवळणाऱ्या सळ्यांची भोके राहतात, ती वरवर बुजवलेली असली की भिंतीवर समान अंतरावर ओलीचे गोल डाग उमटतात. त्या डागांचे अंतर मोजून फोटो काढा, कारण ही कारागिरीचीच चूक असल्याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो. बीम आणि ब्लॉकच्या भिंतीच्या सांध्यावरची सरळ आडवी भेग बहुधा तिथे जाळी न लावता प्लॅस्टर केल्याची खूण असते. नुसता रंग मारून ती पुढच्या वर्षी पुन्हा दिसणार.

९. त्रुटींची यादी आणि फेरचाचणी

प्रत्येक त्रुटीला क्रमांक द्या आणि त्यापुढे ठिकाण, अपेक्षित आकडा, मिळालेला आकडा, तारीख आणि फोटो लिहा. ‘पंप नीट चालत नाही’ असे लिहिले तर ‘आता चालतो’ एवढे उत्तर येते. ‘वीज खंडित केल्यावर डिझेल पंप आपोआप सुरू झाला नाही’ असे लिहिले तर तीच चाचणी पुन्हा करून दाखवावी लागते. यादी ईमेलने आणि पोच घेऊन अशी दोन्ही प्रकारे द्या. ३० दिवसांची मुदत मोजायला ती पोच लागते. जीविताशी संबंधित, वापरात अडथळा आणणाऱ्या आणि दिसण्यापुरत्या अशा तीन गटांत यादी विभागा, नाहीतर बैठकीचा सगळा वेळ लॉबीच्या फरशीच्या रंगात जातो. दुरुस्ती होतच नसेल तर महारेराकडे, म्हणजे रेरा कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार करता येते आणि तिथे सलोखा मंचाचाही मार्ग आहे. दोन्हीकडे हीच क्रमांकित यादी उपयोगी पडते.

१०. प्रशिक्षण आणि हस्तांतरण

सही करण्याआधी इमारतीचे कर्मचारी, सुरक्षारक्षक आणि समितीचे किमान दोन सभासद यांना यंत्रणा चालवायला शिकवण्याची सत्रे घ्यावीत आणि त्यांचे चित्रीकरण ठेवावे. रात्रपाळीच्या रक्षकाला अग्निपॅनेल वाचता येत नसेल तर वर सांगितलेल्या अर्ध्या चाचण्या फुकट गेल्या.

हस्तांतरणाच्या पत्रात ‘सर्व यंत्रणा सुस्थितीत मिळाल्या’ हे छापील वाक्य असते. ते खोडून ‘सोबतच्या चाचणी अहवालात नमूद केलेल्या त्रुटी वगळून, आणि पावसाळी व सांडपाणी-प्रकल्पाच्या चाचण्यांच्या अधीन राहून’ असे लिहून घ्यावे. देखभालीचे कंत्राट सुरू झाल्यावर महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत लागणारा ‘नमुना ब’ (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र) देणाऱ्या संस्थेला पंपांच्या सुरू होण्याच्या दाबाचे मूळ आकडे द्या आणि तिने दर वेळी ते ताडून पाहावेत अशी अट कंत्राटात घाला. पहिली वॉरंटी संपण्याच्या दोन महिने आधी सातव्या टप्प्यातील एकत्रित चाचणी पुन्हा घेण्याची तारीखही त्याच दिवशी दिनदर्शिकेत नोंदवून ठेवावी.